बारकीचं वय

“तुझी बारकी म्हातारी आहे,” हर्षित म्हणाला आणि समोशाचं टोक चटणीत बुडवायला लागला.

मितालीच्या हातातला चहा हातातच राहिला. घरातल्या माणसाबद्दल कुणी वावगं बोलावं तसं तिला झालं. कानाच्या पाळ्या तापल्या. बारकी म्हणजे तिची कुणी मावशी नव्हे की आत्या नव्हे. बारकी हा एक तारा होता. यादीत त्याला टेलिफोन नंबरापेक्षा लांब आकडा होता, तो उच्चारता उच्चारता जीभ थकायची, म्हणून मितालीनं पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव बारकी ठेवून टाकलं आणि बघता बघता मुंबईच्या त्या समुद्राकाठच्या संस्थेतली बंगाली, तमिळ पोरंसुद्धा बारकी, बारकी करायला लागली. नाव उगाच नव्हतं ठेवलेलं. तारे जन्मतात तेव्हा स्वतःभोवती गरगर फिरत असतात आणि वय वाढेल तसे मंद होत जातात. आपला सूर्य एका गिरकीला पंचवीसेक दिवस लावतो. अंगापिंडानं अगदी सूर्यासारखीच असलेली ही बारकी सहा दिवसांत गिरकी घ्यायची. त्या गिरकीवरून मितालीनं तिचं वय काढलं होतं चाळीस कोटी वर्षं. ताऱ्यांच्या मानानं म्हणजे नुकतं अंगणात धावायला लागलेलं पोर. शिवाय बारकीला एक ग्रहही होता, आपल्या गुरूएवढा, पण तिच्या अंगाला चिकटल्यासारखा, तीन दिवसांत फेरी पुरी करणारा. अशा कोवळ्या ताऱ्याजवळचा कोवळा ग्रह कसा दिसतो हे बघण्यासाठी मोठी अवकाश दुर्बीण मागायची होती. अर्ज सोमवारी जायचा होता आणि त्या अर्जात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकच शब्द पाय रोवून उभा होता: तरुण. दोन वर्षांची मेहनत त्या एका शब्दावर तोललेली.

“लिथियम नाही तिच्यात,” हर्षितनं सांगितलं. तो शेजारच्याच टेबलावर बसून ताऱ्यांच्या प्रकाशाचे पट्टे तपासायचा, आणि वाईट बातमी खाता खाता सांगायची त्याला सवय होती. “नवा वर्णपट कालच आला. लहान वयाच्या ताऱ्यात लिथियम दिसायलाच हवं. हिचं सगळं जळून गेलंय. मी तीनदा बघितलं.”

“आणि ती फिरते त्याचं काय? म्हातारी अशी फिरते?”

“ते मला नाही माहीत. मी लिथियमचं सांगितलं. तारा तुझा आहे, सोमवारी तू म्हणशील ते वय जाईल.”

तू म्हणशील ते! हे त्याहून वाईट. कुणी म्हटलं असतं की तुझं चुकलंय, खोडून टाक, तर तिला भांडता तरी आलं असतं. दुपारभर ती त्या पट्ट्याकडे बघत बसली. लिथियमची रेघ जिथं असायला हवी तिथं नुसता गुळगुळीत प्रकाश होता, हिरडीवर दात नसावा तसा. तिनं पडदा मोठा केला, लहान केला, खुर्ची मागं सरकवली, डोळे किलकिले केले. रेघ काही उगवली नाही. आणि तरी तिचं मन म्हणत होतं, चाल खोटं नाही बोलत. हे तिचं वाक्य नव्हतंच मुळी. हे वाक्य सावळाराम भोईरांचं, म्हणजे तिच्या वडलांचं होतं.

किन्हवलीपासून खर्डीपर्यंत बैल घ्यायचा झाला की लोक सावळारामांना गाठत. बाकीची गिऱ्हाइकं बैलाचं तोंड उघडून दात मोजायची, अदात आहे, दोनदाती आहे, चारदाती आहे, की सगळे दात येऊन जुळलेला आहे. सावळाराम बैलाच्या तोंडाला हातही लावत नसत. “दात काय, कोनीपन बघल. चाल बघावी. चाल खोटा बोलत नाय,” असं म्हणून ते बांधावर उकिडवे बसत, बैल चालवायला लावत आणि वय सांगत. मितालीला आठवायला लागल्यापासून ते वय चुकलेलं नव्हतं. लहानपणी म्हशाच्या जत्रेत ती त्यांच्या खांद्यावर बसून हे बघायची, आणि सगळी जत्रा आपल्या बापाच्या तोंडाकडे बघते आहे असं वाटून तिला खांद्यावर आणखी उंच झाल्यासारखं व्हायचं. पुढे मोठ्या मोठ्या सभांतून तिनं आपल्या कामाची ओळख करून दिली ती याच गोष्टीनं. माझे वडील बैलाचं वय चालीवरून सांगतात, मी ताऱ्यांचं सांगते. लोक हसायचे, टाळ्या वाजायच्या, चहाच्या वेळी कुणी पांढऱ्या केसांचे प्राध्यापक येऊन वडलांना नमस्कार सांगायचे. आता त्या टाळ्या तिला आठवल्या आणि तिनं पडदा बंद केला. बारकी म्हातारी निघाली तर एक अर्ज जाईल, तिच्यावर छापून आलेला पेपर मागे घ्यावा लागेल, ते एक वेळ ठीक. पण चालच खोटी निघाली तर तिच्याजवळ दुसरं होतं काय? तिनं सगळं शिक्षण त्या खांद्यावर बसूनच केलेलं होतं.

नेमका तेव्हाच फोन वाजला. “उद्याला येतेस ना गो म्हशाला?” सावळाराम विचारत होते. दिवाळीत त्यांच्या जोडीतला एक बैल साप चावून गेला होता. मागे राहिला होता चिमण्या, चार वर्षांचा, अंगात नुसता वारा. डोंगराकडच्या त्यांच्या खाचरांत ट्रॅक्टर उतरत नाही, तेव्हा चिमण्याला जोडीदार हवाच होता, आणि पौषाच्या पुनवेची म्हशाची जत्रा लागलेली होती. नाही म्हणायचं म्हणून मितालीनं तोंड उघडलं आणि “येते” म्हणाली. पळून जायची एवढी चांगली संधी पुन्हा आली नसती.

शनिवारी सकाळी कल्याणहून सुटलेली एसटी मुरबाडच्या स्टँडात शिरत होती तेव्हा तिला खिडकीतून एक म्हातारा दिसला. पांढरी टोपी, हातात पिशवी, स्टँडाच्या कडेकडेनं चाललेला. पाऊल उचलायचा, ठेवायचा, मग दुसरं उचलायचं की नाही याचा जणू विचार करायचा. रसवंतीच्या सावलीत तो थांबला, कमरेवर हात ठेवून उगाच इकडं तिकडं बघत राहिला, पुन्हा निघाला. काय बाई दमलेलं माणूस, असं तिच्या मनात येऊन गेलं. आणि गाडी वळली तेव्हा त्यानं तोंड वर केलं, ते तिचे बाबा होते. हे इतकं अचानक झालं की तिला आधी लाजच वाटली, परक्याच्या घरात दार न वाजवता शिरल्यासारखी. ती खाली उतरली तोवर त्यांनी तिला बघितलं होतं. टोपी सरळ झाली, पिशवी या हातातून त्या हातात गेली, आणि “आलीस? चल चल, टाइम नाय, उशीर केला का चांगली जनावरा उठतात,” असं म्हणत ते म्हशाच्या जीपकडे जे निघाले ते तिला मागून अक्षरशः पळावं लागलं. तिला क्षणभर वाटलं, बघितलं ते खोटंच. उन्हानं डोळे दिपले असतील. जीपमध्ये ते तिच्याकडे वळून वळून बोलत होते, चिमण्याच्या खोड्या सांगत होते, गालावर वस्तरा फिरल्याची ताजी लाली होती. पण ती पाठ, ती कमरेवर हात ठेवून थांबलेली पाठ, तिच्या डोळ्यांपुढून हलेना. मध्येच आईचा, भागीरथीबाईंचा फोन आला. “पोचलीस ना? बघ बाय, लय पळवू नको त्याना. घरी दिसभर वसरीवं बसलेले असतात. तू येनार म्हटल्यावं कालपासना मिशी कातरतायत.” सावळारामांनी काय म्हणते विचारलं. मिताली म्हणाली, काही नाही, पोचलीस का विचारते. खोटं बोलताना तिनं खिडकीबाहेर बघितलं. शेतात वाल पिवळसर होत आले होते.

म्हशाची जत्रा म्हणजे आधी नाकाला कळते. शेण, वाळलेलं गवत, गरम तेल, नव्या घोंगड्यांचा लोकरी वास आणि या सगळ्यावर उन्हात तरंगणारी धूळ. मितालीनं छाती भरून तो वास घेतला आणि तिला हसूच आलं. काल दुपारी ती एका रेघेसाठी रडकुंडीला आली होती, आणि इथं मैलभर जनावरं रांगेनं बांधलेली, गळ्यातल्या घुंगरांचा एकच गलका, कुणी शिंगांना तेल चोळतंय, कुणी शेपटाचा गोंडा विंचरतंय, भोंग्यावरून हरवलेल्या पोराचं नाव पुकारलं जातंय आणि ते पोर बाजूलाच गोडीशेव खात उभं आहे. सावळारामांना दर दहा पावलांवर कुणीतरी हाक मारत होतं. “काय भोईर, लेकीला घेऊन?” “हा, ती आता तारं पारखते,” ते सांगत, आणि ऐकणारा, तारं म्हणजे कुंपणाच्या की आकाशातले याचा पत्ता न लागता, मोठ्या आदरानं मान हलवी. मितालीला वाटलं, हे सगळं असंच चालू राहावं. सोमवार उगवूच नये. तशी ती आनंदी बाई आहे, तिला दुःख फार वेळ धरून ठेवता येत नाही, हातातून निसटतं. पण बारकी मात्र निसटत नव्हती. प्रत्येक बैलाच्या पायांकडे बघताना तिला ती गिरकी दिसत होती, सहा दिवसांची, पोरसवदा, बिनलिथियमची.

धाकलू नावाच्या मुरबाडकडच्या एका शेतकऱ्यानं आपली जोडी मोकळ्या खाचरात जुवाला जुंपून ठेवली होती. एक काळ्या कानांचा कोवळा बैल, त्याचं नाव फटाका, आणि दुसरा पांढरा, पाठीवर राखी डाग, पाखऱ्या. विकायचा होता तो पाखऱ्या. सावळाराम बांधावर उकिडवे बसले, डोळे अर्धे मिटले आणि बोटानंच चालव म्हणून खूण केली. धाकलूनं कासरा सैल सोडला. जोडी निघाली आणि सावळारामांच्या भोवती पाच-पंचवीस माणसं आपोआप जमली, सावळाराम भोईर वय सांगणार म्हणून. “बघ गो,” ते मितालीला म्हणाले, “मागला खूर पुढल्या खुराच्या ठशाला वलांडून पडतंय. हा बैल सहा वर्साचा. जास्ती नाय.” माणसांत वा वा झाली. सावळारामांनी धाकलूपुढे हात केला, धाकलूनं खांद्यावरचं उपरणं त्या दोन हातांवर टाकलं आणि उपरण्याखाली बोटांची बोलणी सुरू झाली. म्हशाला भाव असा ठरतो, तोंडानं नाही; आणि हात एकदा झाकले की तिसऱ्यानं मध्ये बोलायचं नसतं. ते दोघं एकमेकांकडे न बघता, जणू दूर कुठला डोंगर न्याहाळत उभे राहिले.

बोटं चालू असताना धाकलूचा भाऊ जोडीला आणखी एक फेरी मारवत होता, आणि मितालीला दुसरं काही काम नसल्यामुळे ती बघत होती. खुरांकडे बाबांनी आधीच बघितलं होतं, म्हणून असेल, तिनं जुवाकडे बघितलं. जू सरळ नव्हतं. फटाक्याच्या बाजूनं ते सारखं पुढे जात होतं आणि पाखऱ्याची मान त्याच्या मागून ओढली जात होती. तो पडत नव्हता, कुचराई करत नव्हता, उलट मोठ्या हौसेनं पावलं टाकत होता, पण नाकपुड्या फुलल्या होत्या आणि डोळा पुढे नव्हता, शेजाऱ्यावर होता. तो मुरबाडचा स्टँड पुन्हा तिच्या डोळ्यांपुढून गेला: पाऊल उचलणारा, ठेवणारा म्हातारा, आणि लेकीला बघताच पिशवी बदलून तरातरा निघालेला. तोच माणूस. तीच कंबर. आणि त्याच्या पाठोपाठ बारकी तिच्यासमोर उभी राहिली. अंगाला चिकटून पळणारा, गुरूएवढा तो ग्रह! तो तीन दिवसांत फेरी मारतो, ही सहा दिवसांत गिरकी घेते. तो पुढे, ही मागून. तोच हिला ओढतोय, फेरी फेरीला, कोट्यवधी वर्षं, मंद होऊन बसलेल्या म्हातारीला हाताला धरून अंगणात फिरवतोय. चाल खोटी नव्हती. तिनं चाल बघितली आणि जोडीदार बघितला नाही, एवढंच झालं होतं. मितालीला इतका आनंद झाला की तिनं स्वतःच्याच तोंडावर हात दाबून धरला. चुकल्याचा आनंद माणसाला होतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण झाला, उकळी फुटावी तसा झाला, आणि त्याच्या मागोमाग तिच्या ध्यानात आलं की बाबांचा हात अजून उपरण्याखाली आहे.

गप्प बसता आलं असतं. लेकीसमोर, पंचवीस माणसांसमोर, आयुष्यात कधी न चुकलेलं माणूस. चुकलं तर चुकू दे, घरी गेल्यावर कळेल, हळूहळू, कुणी बघत नसताना. तिनं एक श्वास घेऊन तेवढा विचार केला. पण मग सोमवारी ती काय लिहिणार होती? तिथंही गप्पच बसणार होती का?

“बाबा,” ती म्हणाली, “थांबा.”

धाकलूच्या भुवया वर चढल्या. “बाय, हात झाकलेला हाय. मधी बोलाचा नाय.”

“त्याला एकट्याला चालवून बघू या.”

जमलेल्या माणसांत कुणीतरी हुं केलं. सावळारामांनी मान वळवली नाही. डोंगराकडेच बघत ते म्हणाले, “कशावरना म्हनतेस?”

“माझंही तेच झालंय, बाबा. मी बारकीची चाल बघितली आणि तिला तरुण म्हटलं. बाजूनं तिला कोण पळवतंय ते बघितलंच नाही.” तिचा आवाज कापला, भीतीनं नव्हे, हसू आवरताना. “पाखऱ्या फटाक्याच्या पायांनी चालतोय.”

बारकी त्यांना माहीत होती. गेली दोन वर्षं बापलेकीच्या फोनवर चिमण्याच्या खालोखाल बारकीचंच बोलणं होत होतं. उपरण्याखालचा हात तसाच राहिला. त्यांच्या गालावरची ताजी लाली कानापर्यंत गेली, आणि मितालीला वाटलं, आपण काय करून बसलो. मग त्यांनी हात बाहेर काढला, धोतराला पुसला. “धाकलू,” ते म्हणाले, “जू काढ.”

जू निघालं. फटाका मोकळा होताच दोन उड्या मारून बाजूला झाला. पाखऱ्या जागचा हलेना. धाकलूच्या भावानं चुचकारलं तेव्हा त्यानं एक पाऊल टाकलं, थांबला, आजूबाजूला कुणी आहे का बघितलं, दुसरं टाकलं. खाचराच्या दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत त्यानं सगळ्या जत्रेला आपली ओळख करून दिली. मागचा खूर पुढच्या ठशाच्या चांगला वीतभर अलीकडे पडत होता. सावळाराम उठले, त्याच्यापाशी गेले, आणि म्हशाच्या जत्रेत कधी न केलेली गोष्ट त्यांनी केली, बैलाचं तोंड उघडून आत बघितलं. दातांच्या झिजून खुंट्या झाल्या होत्या. मितालीनं ओढणीचं टोक मुठीत आवळलं होतं.

“गो मिते!” ते तिकडूनच ओरडले. “हा तर माझ्याबरोबरीचा निघाला!”

आणि सगळ्यांच्या आधी तेच हसले. टोपी हातात घेऊन, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग खाचर हसलं, शेजारच्या खाचरातले लोक काय झालं म्हणून धावत आले आणि न कळताच हसायला लागले. धाकलूला मात्र राग आला होता. “मी कुठं बोललू जवान हाय म्हनून? तुमीच बोललात सहा वर्साचा!”

“ता पन खरा हाय,” सावळाराम डोळे पुसत म्हणाले. ते पाखऱ्याच्या मानेवरून हात फिरवत होते. पाखऱ्यानं मान लांब करून डोळे मिटले. “पन मी त्याला नेनार. घरी माझा चिमण्या हाय, तो फटाक्याचा पन बाप. पळवल त्याला. टाक तुझा उपरना.” मग ते मितालीकडे बघून दरडावून म्हणाले, “आता मधी बोललीस तर बघ.” हात पुन्हा झाकले गेले आणि मितालीनं शहाण्या मुलीसारखं तोंड फिरवलं. तसंही तिला फोन करायचा होता.

“हर्षित, बारकीच्या फोटोत एक लाल ठिपका होता. आपण कापून टाकलेला.”

“तो मागचा कुठलातरी फालतू तारा.”

“मागचा कशावरून? त्याची आकाशातली चाल बघ. बारकीच्या बरोबरीनं जातोय का बघ. जात असला तर ते सख्खं भावंड असणार, एकाच वेळी जन्मलेलं. आणि त्याच्याजवळ त्याला पळवणारं कुणी नसेल तर त्याची गिरकी खरी. त्याचं वय ते हिचं वय.”

“आत्ता? शनिवारी? आणि कोण ओरडतंय तिथं?”

“बैल,” मिताली म्हणाली. “आत्ताच बघ. मी वाट बघते.”

ती वाट बघण्यात ती एक घोंगडी हातानं घासून घासून बघून आली, गरम जिलबी खाल्ली, आईसाठी बांगड्या घेतल्या, आणि सगळा वेळ तिच्या आत काहीतरी गुदगुल्या करत होतं. दोन वर्षं तिनं त्या ताऱ्याला एकट्याला बघितलं होतं. फोटोतली भोवतालची गर्दी पुसून, काळ्या मखमलीवर एकच ठिपका ठेवून. किती निर्मळ दिसायचा तो! आणि किती खोटा. कुणाचंही वय असं एकट्याचं असतं का? गावात कुणाला वय विचारलं की तो आकडा सांगत नाही, तो अमक्याच्या बरोबरीचा म्हणून सांगतो, आणि ती आजवर याला अडाणीपणा समजत आली होती. नाही, समजत नव्हती. नुसतं लक्षच दिलं नव्हतं. आता तिला वाटलं, ओरडून सगळ्या जत्रेला सांगावं. जिलबीवाल्याला तिनं “मस्त झालीय” एवढंच सांगितलं, पण इतक्या जोरात की तो दचकला.

उन्हं कलायला लागली तेव्हा पाखऱ्याला टेम्पोत चढवण्याचा सोहळा चालू होता. दोन माणसं मागून लोटत होती, सावळाराम पुढून गवत दाखवत होते, आणि पाखऱ्या या सगळ्यांकडे दयेनं बघत उभा होता. तेवढ्यात हर्षितचा फोन आला. तो धापा टाकत होता, जसा काही आकाशापर्यंत पळत जाऊन आला होता. “भावंड आहे! एकच दिशा, एकच वेग. आणि लाल्याची गिरकी जवळजवळ दोन महिन्यांची आहे, मिताली. दोघं सातशे कोटी वर्षांचे आहेत. शे-दीडशे कोटी इकडंतिकडं धर. सूर्याच्याही आधीचे! लिथियम कुठून असणार?” मग त्याचा आवाज खाली आला. “पण अर्जाचं काय? ‘तरुण’ काढून टाकलं तर त्यात राहतंच काय?”

“काढ,” ती म्हणाली. “सगळीकडून काढ. मी उद्या बसून नवा लिहिते. तारा म्हातारा आहे आणि ग्रह त्याला पळवतोय, ते बघायचंय म्हणून दुर्बीण द्या.”

“देतील?”

“नाही देणार कदाचित. पेपरही मागे घेऊ. मी कळवते सगळ्यांना.” हे म्हणताना छातीत काही तुटेल अशी तिनं वाट बघितली. काहीच तुटलं नाही. समोर पाखऱ्यानं अखेर मनावर घेतलं होतं आणि तो आपण होऊन फळी चढत होता.

“तू हसतेयस का?” हर्षितनं विचारलं.

“हो,” मिताली म्हणाली.

टेम्पो सरळगावावरून किन्हवलीच्या रस्त्याला लागला. ड्रायव्हरशेजारी जागा असताना दोघं बापलेक मागं हौद्यातच बसले होते, गवताच्या पेंढ्यांवर, पाखऱ्याच्या पायांशी. वारं गार होतं. मितालीनं त्यांना सगळं सांगितलं, लाल भावंड, सातशे कोटी वर्षं, सोमवार. सावळाराम ऐकत होते. खड्डा आला की एक हात पाखऱ्याच्या पोटाला आणि एक तिच्या खांद्याला लावत होते. हर्षित भला पोरगा दिसतो, असंही मध्ये म्हणाले. मग त्यांनी पाखऱ्यापुढे थोडं गवत सरकवलं.

“मला एक सांग,” त्यांनी विचारलं. “ता पोर एवढ्या मोठ्या म्हातारीला पळवतंय. फुकट तर पळवत नसल. त्याचा पन काय तरी जात असल ना?”

हा प्रश्न तिला अजून कुणी विचारला नव्हता. तिनं स्वतःही विचारला नव्हता, खरं तर. उत्तर मात्र तिला माहीत होतं.

“जातं ना. त्याची वाट आखूड होत जाते. प्रत्येक फेरीला ते थोडं तिच्याजवळ सरकतं.”

“जवल येतंय?”

“हो. शेवटी तिच्यातच मिसळतं. पण त्याला अजून खूप वेळ आहे, बाबा. कोट्यवधी वर्षं.”

सावळारामांनी यावर विचार केला. रस्त्याकडेला एक बाई सरपणाची मोळी घेऊन चालली होती, ती मागं पडेपर्यंत ते तिच्याकडे बघत राहिले. थकवा आता त्यांच्या तोंडावर दिसत होता, तिच्यासमोर ते तो लपवायचे विसरले होते, किंवा आता लपवण्यात त्यांना अर्थ वाटत नव्हता. त्यांनी पाय लांब केले आणि डोकं हौद्याच्या फळीला टेकलं.

“तवर पळल ना म्हातारी?”

“पळेल,” मिताली म्हणाली. तिनं त्यांचा हात हातात घेतला. लहानपणानंतर पहिल्यांदाच घेतला असेल. तो गवतानं चिकट झाला होता. “मी पुढल्या शनिवारी येते. आणि त्याच्या पुढल्याही.”

“ये,” ते डोळे मिटून म्हणाले. “सकाळची गाडी पकड. दुपारच्या गाडीनं येतेस नि लगीच निघतेस.”